डावीकडची सीट

घोटीहून निघालेली गाडी बारीच्या आसपास आली की आतल्या सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळतात. कळसूबाई दिसायला लागलेली असते. माथ्यावर ढग असला तरी माना वळतातच, कारण ढगाआड १,६४६ मीटरचा महाराष्ट्रातला सर्वांत उंच माथा आहे हे ठाऊक असते आणि तेवढे ठाऊक असणे मान वळवायला पुरते. पुढे शेंडी, १९२६ साली पुरी झालेली विल्सन धरणाची भिंत, आणि मग पाण्याला वळसा घालून जाणारा रस्ता : मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत. पावसाळ्यात या रस्त्यावर दर वळणाला कुठून तरी पाणी कोसळत असते. लोक येतात ते पाहायलाच. गाडीतल्या एकाच माणसाला मात्र पाहण्याची मुभा नसते, आणि त्याच्याच समोर सर्वांत मोठी काच असते. निसर्गरम्य म्हणून नावाजलेली जागा चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर अवघडच म्हणायची. नजर ओढून घेणे हा तिचा स्वभाव, आणि नजर ओढू न देणे हे त्याचे काम.

हा चालवणारा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल आणि त्याचे लक्ष मुळातच उडते असेल तर काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही. एडीएचडी हा शब्द आता शाळांतून, समुपदेशकांच्या खोल्यांतून आणि पालकांच्या बोलण्यातून रुळला आहे, पण तो वहीपाशी येऊन थांबतो. अभ्यासाला बसत नाही, डबा विसरतो, प्रश्न पुरता ऐकायच्या आत उत्तर देतो, ही त्याची आपल्याला माहीत असलेली रूपे. दहावी-बारावीचे कसेबसे निभावले की घरातले सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच सुमारास मुलगा किंवा मुलगी गाडीची किल्ली मागते. वहीतली चूक खोडता येत होती.

या मुलांकडे लक्षच नसते, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. आवडीच्या गोष्टीत ती तासन्‌तास बुडून जातात. आईने चारदा हाक मारलेली त्यांना ऐकू येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पडतो आणि तरी या डोंगरातल्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावे लागते, कारण पडलेले पाणी उतारावरून निघून जाते. या मुलांच्या लक्षाचे तसेच आहे : कमतरता पडण्यात नाही, धरून ठेवण्यात आहे. हवे तेव्हा हव्या जागी लक्ष धरणे, मनात आलेली ऊर्मी क्षणभर अडवणे, पुढच्या अर्ध्या मिनिटाचा अंदाज बांधणे ही कामे मेंदूच्या ज्या भागांकडे आहेत, ते या मुलांत उशिरा पिकतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की मेंदूच्या बाह्यावरणाची जाडी कमाल होण्याचे वय इतर मुलांत सरासरीने साडेसात होते, आणि एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. क्रम तोच, वाट तीच, फक्त गाडी तीन वर्षे उशिराने. कायद्याने ठरवलेले अठरावे वर्ष मात्र सगळ्यांना एकाच तारखेला लागते.

धोका किती, हे नीट समजून घ्यावे, कारण इथे घाबरवणारे आणि धीर देणारे दोघेही आकडे वाकवतात. जुन्या, लहान अभ्यासांतून या मुलांच्या हातून तिप्पट-चौपट अपघात होतात असे म्हटले गेले होते. न्यू जर्सीतल्या सुमारे अठरा हजार तरुणांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये जे हाती आले ते पुष्कळ सौम्य आहे : परवाना मिळालेल्यांत एडीएचडी असणाऱ्यांचा अपघाताचा धोका इतरांहून ३६ टक्क्यांनी अधिक. हे काही थोडे नाही, पण किल्ली कायमची कुलपात ठेवण्याइतकेही नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी दाखवलेले बारकावे. परवाना मिळाल्याच्या पहिल्या महिन्यात हा जादा धोका ६२ टक्के होता. पहिल्या चार वर्षांचा मिळून ३७. म्हणजे सगळ्यांत मोठी दरी एकटे चालवायला लागल्याच्या अगदी सुरुवातीला असते. शेजारचा माणूस उतरला, आणि त्याच्याबरोबर काहीतरी उतरून गेले.

काय उतरून गेले? माझे म्हणणे असे की या मुलांचे रस्त्यावरचे लक्ष बराच काळ त्यांच्या एकट्याच्या डोक्यात मावणारे नसते. त्याचा काही भाग बाहेर ठेवावा लागतो : शेजारच्या माणसात, गाडीच्या यंत्रात, रस्त्याच्या वळणात, वेळेच्या आणि सोबतीच्या बंधनात. शिकवणे म्हणजे हा बाहेरचा भाग हळूहळू आत सरकवणे, आणि ते दिवसांत नाही, वर्षांत होते. आपण मात्र शिकवतो ते शब्दांनी. ‘अति घाई संकटात नेई’, ‘वाहने सावकाश चालवा’, ‘अपघाती वळण’, आणि घरातून निघताना ‘लक्ष देऊन चालव हं बाळा’. शब्दांवरचा हा विश्वास आपल्याकडे न्यायासनापर्यंत पोचलेला आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरातल्या मोटार अपघातात दोघांचा जीव गेल्यावर सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने घातलेल्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता. त्या प्रकरणाचा इथल्या विषयाशी तेवढाच संबंध. पण निबंधाने हात आणि डोळे बदलतात हा समज त्या एका अटीत स्वच्छ दिसतो. आणि ज्या मुलाला ‘लक्ष दे’ हे वाक्य पहिलीपासून ऐकवले गेले आहे, त्याला ते घाटात आणखी एकदा ऐकून काय नवे कळणार?

शब्दांऐवजी काय, याचे एक उत्तर सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या प्रयोगात आहे. १६ ते १९ वयाच्या, एडीएचडी असलेल्या १५२ मुलामुलींचे दोन गट केले. एका गटाला वाहतुकीचे नियम नेहमीसारखे शिकवले. दुसऱ्या गटाला फक्त एक सवय लावली : नजर रस्त्यावरून काढली तर ती पटकन परत आणायची. आभासी गाडीत बसवून, डोळ्यांचा माग ठेवणारे यंत्र लावून, नजर फार वेळ बाहेर राहिली की गजर वाजवायचा. मग वर्षभर त्यांच्या खऱ्या गाड्यांत कॅमेरे ठेवले. गाडीला जोराचे हिसके बसल्याच्या ज्या नोंदी झाल्या, त्यांतल्या अपघाताच्या किंवा थोडक्यात हुकलेल्या अपघाताच्या घटना पहिल्या गटात ५.६ टक्के निघाल्या, दुसऱ्यात ३.४. हे २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. मला यात भावते ते शिकवणाऱ्यांचे शहाणपण. नजर हलवूच नकोस असे ते म्हणाले नाहीत, कारण आरसा पाहायला, वेग पाहायला नजर हलवावीच लागते. दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही, एवढेच. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी दोन सेकंदांत बावीस मीटर जाते. साम्रदकडच्या कुठल्याही वळणावर बावीस मीटर पुढे काय आहे ते दिसतही नसते.

अशी यंत्रे अकोले तालुक्यात कुठून आणायची, हा आक्षेप कुणीही घेईल आणि तो रास्त आहे. पण त्या गजराचे काम माणूस करू शकतो, आणि काही काम रस्ताही करतो. इथे एक जुना, छोटासा प्रयोग आठवावासा वाटतो. २००६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनियल कॉक्स आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या दहा मुलांना आभासी गाडीवर एकदा स्वयंचलित आणि एकदा हाताने गियर टाकायच्या गाडीवर चालवून पाहिले. गियरच्या गाडीवर ती अधिक सावध, अधिक नीट चालवत होती. दहा मुलांवर सिद्धान्त उभारता येत नाही, हे खरेच. तरी घाटात गाडी चालवणाऱ्या कुणाही ड्रायव्हरला हे पटेल. चढाला दुसरा टाकायचा, वळणाआधी क्लच, हॉर्न, समोरून चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट, ज्या गियरवर चढलो त्याच गियरवर उतरायचे, ब्रेकवर पाय दाबून बसायचे नाही. दर दहा-पंधरा सेकंदांनी हाताला आणि पायाला काहीतरी मागणे येत राहते. उडते लक्ष अशा मागण्यांनीच जागेवर राहते. त्याला खरा धोका असतो तो सरळ, रुंद, गुळगुळीत रस्त्याचा, जिथे गाडी आपणच चालते आणि मन मोकळे सुटते. म्हणून वळणांचा रस्ता नवशिक्यासाठी वाईटच, हे मला सरसकट मान्य नाही. दाट धुके, शेवाळलेले डांबर आणि शनिवार-रविवारची गर्दी वगळून, कोरड्या ऋतूतल्या एखाद्या साध्या सकाळी मुतखेलपर्यंतचा रस्ता हा चांगला मास्तर आहे. शहरांत आता गियर नसलेल्या मोटारींचे खूळ वाढले आहे, आणि पोराला सोपे जावे म्हणून पालक त्याच घेतात. या मुलांच्या बाबतीत सोपेपणा उलटू शकतो.

मग कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? ज्याला जमत नाही त्याने चालवू नये. हे मुंबईत लोकलच्या आधारावर बसून म्हणता येते. घाटघरच्या किंवा साम्रदच्या मुलीला राजूर-अकोल्याचे कॉलेज गाठायचे तर एसटीच्या मोजक्या फेऱ्या, काळीपिवळीत दाटीवाटी, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसणे. इथे गाडी चालवता येणे म्हणजे शिक्षण, नोकरी आणि पर्यटकांच्या हंगामातली कमाई. शिवाय बंदी घातल्याने चालवणे थांबत नाही. ते चोरून होते, आणि चोरून शिकलेल्याच्या शेजारी कुणी बसलेले नसते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९ अ हे कलम आले : अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. कलम कडक आहे आणि असावेच. पण कायद्याची सगळी कडकाई अठराव्या वाढदिवसाच्या अलीकडे आहे. पलीकडे काय? शिकाऊ परवाना हाती आल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. पास झाला की त्याच रात्री पाच मित्रांना घेऊन कुठेही जायला मोकळा. परवान्याच्या अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये फेफरे, रातांधळेपणा, ऐकू येणे, पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येणे विचारतात. लक्षाविषयी एक ओळ नाही, आणि ती नसावी असेच मला वाटते. ती घातली तर लोक लपवतील, आणि लपवण्याची सुरुवात डॉक्टरकडे न जाण्यापासून होईल.

त्यापेक्षा न्यूझीलंडने १९८७ साली सुरू केले तसे टप्पे हवेत : काही महिने शेजारी जाणता माणूस, मग एकट्याने पण फक्त दिवसा, मग रात्र, आणि सगळ्यात शेवटी मित्र. हे टप्पे सगळ्यांनाच लागू होतात, त्यामुळे कुणाच्या कपाळी शिक्का बसत नाही. आपल्या कायद्यात ते येतील तेव्हा येतील. घरात आजही लावता येतात. काय टाळायचे हे पाहायचे असेल तर मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंतच्या काजव्यांच्या रात्री पाहाव्यात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे लुकलुकायला लागतात आणि पुण्या-मुंबई-नाशकाहून गाड्यांची रांग लागते. वनखात्याला वाहनांवर वेळेचे निर्बंध घालावे लागतात, दिवे मंद ठेवा, हॉर्न नको म्हणून सांगावे लागते. काळोख, अनोळखी रस्ता, मागच्या सीटवर मित्रांचा कल्ला, हातात नकाशा दाखवणारा मोबाइल, आणि बाहेर प्रत्येक झाड नजरेला बोलावत असलेले. टप्प्याटप्प्याच्या परवान्यांनी ज्या ज्या गोष्टी नवशिक्यापासून दूर ठेवल्या, त्या सगळ्या तिथे एका ठिकाणी जमतात. अशा रात्री या मुलाने गाडीत असावे, जरूर असावे, काजवे त्याच्याइतके मन लावून दुसरे कोण पाहणार. पण मागच्या सीटवर.

आपल्याकडची खरी अडचण दुचाकीची आहे. वर सांगितलेले सगळे अभ्यास मोटारीचे, आणि महाराष्ट्रातले पोर पहिल्यांदा हात ठेवते ते स्कूटीवर. मोटारीत शेजारी बसता येते, शिकवणीच्या गाडीत त्या बाजूलाही ब्रेक असतो. दुचाकीवर शिकवणारा मागे बसतो : त्याला पोराचे डोळे दिसत नाहीत आणि त्याच्या पायाशी ब्रेक नसतो. म्हणजे ज्या मुलाला बाहेरच्या आधाराची सर्वांत जास्त गरज, त्याला आपण सुरुवातीलाच आधार नसलेल्या वाहनावर बसवतो, आणि तेही गियर नसलेल्या. कायदासुद्धा सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगियरची दुचाकी चालवू देतो. अशा मुलांसाठी क्रम उलटा करावा, आधी ड्रायव्हिंग स्कूलची मोटार आणि दुचाकी वर्ष-दीड वर्षाने, असे माझे मत आहे. घरी मोटार नसताना मोटार कशाला शिकवायची, असे पालक विचारतील. रस्ता वाचायला शिकण्यासाठी. समोरच्या एसटीचा ब्रेकलाइट लागला म्हणजे वळणापलीकडे कुणी हात दाखवला आहे, रस्त्यावर शेण पडले आहे म्हणजे पुढे गुरे आहेत, हे वाचन मोटारीत शेजारच्याच्या सोबतीने पक्के झाले की दुचाकीवर बरोबर येते.

‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हा आक्षेप सर्वांत जुना. होते, त्याला धांदरट, वांड, भटक्या मनाचा अशी नावे होती. गाड्याही कमी होत्या आणि त्यांचा वेगही. औषधांचा मुद्दा मात्र जड आहे. उत्तेजक वर्गातले औषध पोराला द्यायचे या कल्पनेनेच घरातले दचकतात, आणि भारतात मिथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये असल्याने ते प्रत्येक दुकानात मिळतही नाही. तालुक्याच्या गावात शोधत बसावे लागते. स्वीडनमधल्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींतून २०१४ मध्ये दिसले की औषध चालू असलेल्या काळात पुरुषांतले गंभीर वाहन-अपघात औषध नसलेल्या काळापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होते. स्त्रियांत त्या अभ्यासात तसा ठाम फरक दिसला नाही. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दोघांतही दिसला. घ्यावे की नाही हे डॉक्टर आणि घर मिळून ठरवतील. चालवण्याच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र विसरू नये : सकाळच्या गोळीचा असर संध्याकाळपर्यंत ओसरतो, आणि सहलीहून परतीचा घाट संध्याकाळीच लागतो.

शेवटी गोष्ट येते डावीकडच्या सीटवर बसणाऱ्यावर. त्याने काय करावे? कमी बोलावे. ओरडू नये, कारण ओरडल्याने पोराची नजर रस्त्यावरून उठून ओरडणाऱ्याच्या तोंडाकडे जाते, आणि त्या दोन सेकंदांचा हिशेब वर दिलाच आहे. ‘पुढे काय दिसतंय?’ एवढे विचारत राहावे आणि मुलाने मोठ्याने सांगावे : डावीकडे म्हातारी, पुढे जीप, वळण, ओला पट्टा. बोलून दाखवलेले डोळ्यांना धरून ठेवते. मोबाइल मागच्या सीटवर, आणि बसणाऱ्याचा स्वतःचाही. काही आठवड्यांनी दर वळणाला विचारायचे ते दर तिसऱ्या वळणाला विचारावे, मग नुसते बसावे, मग एखाद्या दिवशी शेंडीच्या चौकात उतरून ‘पांजऱ्याला भेट’ म्हणावे. कधी उतरावे याचे वेळापत्रक कुणाला देता येणार नाही. पोरापोरात फरक आहे आणि एकाच पोराच्या सोमवारात आणि शुक्रवारातही.

आणि यात एक गोम आहे, जिच्याकडे पालक-मेळाव्यांतही कुणी फारसे वळत नाही. एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून त्याचा आनुवंशिक वाटा सत्तर टक्क्यांच्या वर निघतो. म्हणजे त्या डाव्या सीटवर बसलेल्या वडिलांचे किंवा आईचे लक्षही तसेच उडते असण्याची बरीच शक्यता आहे. त्यांना कधी कुणी तपासलेले नाही, आणि ते गेली पंचवीस वर्षे, देवाच्या कृपेने म्हणा की गियरच्या, गाडी चालवत आले आहेत. पोराला सावध करायला बसलेला बाप रंधा धबधब्याचा फाटा आला की स्वतःच मान वळवून ‘अरे पाणी बघ केवढंय!’ म्हणतो. अशा वेळी कदाचित मुलानेच, समोरची नजर न काढता, ‘बाबा, पुढे काय दिसतंय?’ असे विचारायला हरकत नाही.